थायरॉइडचा रिपोर्ट: टीएसएच आणि फ्री टी४ एकत्र कसे वाचायचे

टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइडचं काम वाढलं, असा अर्थ सर्रास लावला जातो. बहुतेक वेळा खरं असतं ते नेमकं उलट. टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला ‘आणखी बनव’ असं सांगतो. रक्तात थायरॉइडचं हार्मोन (मुख्यतः टी४) कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, पुरेसं झालं की आवरतं घेते. म्हणजे टीएसएच हा मागणीचा आकडा आणि फ्री टी४ हा पुरवठ्याचा. एकट्या मागणीवरून निदान करू नये.

एकूण टी४ ऐवजी फ्री टी४ का? रक्तातला ९९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रथिनांना चिकटलेला असतो; पेशींच्या उपयोगी पडतो तो उरलेला मोकळा भाग. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात आणि एकूण टी४ उगाच फुगलेला दिसतो.

आता जोड्या लावा. प्रौढांत टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते, पण आपल्या रिपोर्टवर छापलेलीच धरा. गरोदरपणात ती वेगळी असते.

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी: ग्रंथीच कमी पडते आहे. टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलेल्या असतील तर कारण बहुधा हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते तो आजार.

टीएसएच जास्त, फ्री टी४ मर्यादेत: ग्रंथी रेटा लावल्यावर का होईना, काम भागवते आहे. फ्री टी४ थोडासा घसरला तरी टीएसएच कित्येक पट उसळतो, म्हणून बिघाड आधी टीएसएचमध्ये दिसतो. आकडा १० च्या आत असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं बहुतेकदा शहाणपणाचं. अनेकांचा तो आपोआप खाली येतो. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मात्र थांबू नका.

टीएसएच अगदी कमी, फ्री टी४ जास्त: ग्रेव्हज (प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त काम करायला लावते तो आजार), गाठ, ग्रंथीचा दाह किंवा थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त.

फ्री टी४ कमी आणि टीएसएच कमी किंवा चक्क ‘नॉर्मल’: हीच जोडी सर्वांत जास्त निसटते. पुरवठा घटलेला असताना मागणी वाढायला हवी होती. ती वाढली नाही, म्हणजे पिट्युटरीकडे बघायला हवं. फक्त टीएसएच तपासला तर हे कळणारच नाही. गंभीर आजारपणातही असं चित्र दिसतं, म्हणून त्या काळात विनाकारण थायरॉइड तपासू नये.

तपासणीआधी: केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. काही किटमध्ये त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त येतो, म्हणून किमान दोन दिवस आधी ते बंद करा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो, त्यामुळे दर वेळी साधारण एकाच वेळी रक्त द्या. त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळीनंतर काही तास फ्री टी४ वर गेलेला असतो.

लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी, म्हणजे बाहेरून दिलेला टी४) उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यावं. कॉफीही त्यानंतरच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. त्या आतड्यातच औषधाला धरून ठेवतात.

टी४ चं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचं. डोस बदलला की रक्तातली पातळी स्थिरावायला महिनाभर लागतो, पिट्युटरीला त्याहून थोडा जास्त. म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. दोन आठवड्यांत टीएसएच बघून ‘उतरला नाही’ म्हणत डोस वाढवला, तर पुढे टीएसएच मर्यादेच्या खाली जाऊन धडधड आणि झोपेची तक्रार सुरू होते.

एक फसवी जोडी अजून आहे: टीएसएच जास्त, फ्री टी४ मात्र वरच्या टोकाला. अनेकदा याचा अर्थ गोळ्या महिनाभर चुकल्या आणि तपासणीच्या तोंडावर भराभर घेतल्या. टी४ लगेच चढतो, टीएसएच मागे राहतो. डॉक्टरांना हे सांगितलं नाही, तर गरज नसताना डोस वाढतो.