दसऱ्याच्या आत पाट झाडा, तरच फडाला पाणी पोचेल

धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम आणि आरम नद्यांच्या फड बंधाऱ्यांखाली (बंधाऱ्यातून पाटाने भिजणाऱ्या जमिनीच्या एकेका मोठ्या भागाला फड म्हणतात) ज्यांची जमीन आहे, त्यांनी रब्बीचं बियाणं आणण्याआधी पाट झाडायला घ्यावा. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पाऊस साधारण परततो आणि नदीची धार दर आठवड्याला बारीक होत जाते. काठावरची कांस पूर्ण पांढरी झाली की हाताशी थोडेच दिवस उरतात, हा माझा पाहण्यातला ठोकताळा. दिवाळीनंतर पाट साफ करायला निघालेल्या गावांत टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा, गहू ओंबीत दाणा भरताना वाळलेला मी वर्षानुवर्षं बघतो आहे.

वरची धरणं आणि काठच्या विहिरी यांनी नदीचं पाणी कमी झालं, हे खरंच. पण आहे ते पाणीसुद्धा पाटात मुरतं, त्याचं काय? फड पद्धतीत प्रत्येकाचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असलेल्या साली एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. ही शेकडो वर्षांची व्यवस्था घरटी एक माणूस पाटावर येत होता म्हणून टिकली. नदी जिवंत करण्याच्या बैठकांना गर्दी होते, पाट झाडायला मात्र चार माणसं जमत नाहीत.

आधी खेकड्यांची बिळं शोधा. अंगठ्याएवढं भोक दिसतं, पण पाणी सोडण्याच्या दोन-तीन पाळ्यांत तिथूनच पाटाचा काठ फुटतो. तोंडाशी दगड किंवा गोणी कोंबून भागत नाही. बीळ शेवटापर्यंत खणून उघडा, ओलसर चिकणमाती थराथराने भरा आणि प्रत्येक थर धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोका. बेशरम आणि वेड्या बाभळीची झुडपं मुळासकट काढा. बाभळीचं मूळ बंधाऱ्याच्या चिऱ्यात शिरलं की दर्ज (दगडांमधला सांधा) उकलते. जुन्या चुन्याच्या बांधकामाला वरून सिमेंट थापू नका, ते पापुद्र्यासारखं सुटतं. चुना-वाळूनेच दर्जा भरा. बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू कुणालाही उचलू देऊ नका. पायथा उघडा पडला तर पुढचा पूर पाया खालून पोखरतो.

दुकानदार पाटातल्या गवतासाठी तणनाशक देईल. घेऊ नका, तेच पाणी गुरं पितात. पाणी धरून ठेवणाऱ्या महागड्या पुड्यांचंही तेच. फुटक्या पाटावर त्यांचा काही इलाज चालत नाही. तो पैसा मजुरीत घाला.

पेरणीचं थोडक्यात:
– बागायती वेळेवर गहू: नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, हेक्टरी १०० किलो बियाणं
– गव्हाला नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी १२०:६०:४० किलो. अर्धं नत्र पेरताना, उरलेलं पहिल्या पाण्याच्या वेळी
– हरभऱ्याची बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम, रायझोबियम १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम

गव्हाला एकच पाणी मिळणार असेल तर पेरणीनंतर ४०-४२ दिवसांनी द्या. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी, तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी. हिशेब पंचांनी पेरणीआधीच करावा: धार पाहून पाळ्या मोजा, मग कोणत्या फडात गहू आणि कोणत्यात हरभरा ते ठरवा. धार कमी वाटली तर फड निःशंक हरभऱ्याला द्या, कोरडवाहूतही तो तग धरतो. पाण्याचे वाद वाढले असतील तर २००५ च्या कायद्याखाली पाणी वापर संस्था नोंदवता येते, पण पाटकरी (पाटाचं पाणी वाटणारा) गावाने निवडलेलाच ठेवा आणि त्याचं मेहनतान्याचं धान्य खळ्यावरच मोजून द्या.

पहिलं पाणी रात्री सोडू नका. दिवसा, निम्म्या धारेने सोडा. पाटकऱ्याबरोबर दोघांनी काठाच्या बाहेरच्या अंगाने टेलपर्यंत चालावं. माती ओली दिसली की तिथे खूण करा, वर पाणी तोडा आणि त्याच दिवशी ती जागा ठोकून घ्या.