वंशसंहाराविरुद्ध नाशिकहून खासदारांना निवेदन कसे लिहावे

निवेदनात ‘वंशसंहार’ हा शब्द विचारपूर्वक वापरावा. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू दाखवावा लागतो. केवळ मृतांचा आकडा पुरत नाही. हेतूचा पुरावा अनेकदा भाषेत सापडतो: आफ्रिकेतील रवांडात १९९४ च्या वंशसंहारावेळी रेडिओवरून तुत्सी या अल्पसंख्य समाजातील लोकांना ‘झुरळे’ म्हटले जात होते. असा पुरावा हाती नसेल, तर ‘सामूहिक अत्याचार’ असे लिहावे. त्याने पीडितांचे दुःख कमी लेखले जात नाही.

छायाचित्रे जोडण्यापूर्वी पारखून घ्यावीत. पंचवटीतील आमच्या बैठकीत एका फोटोतल्या दुकानाच्या पाटीवरची लिपी, तो ज्या देशातला म्हणून आला होता, तिथली नव्हती, म्हणून तो हेलावून टाकणारा फोटो आम्ही बाजूला काढला. साक्षीदारांची नावे, चेहरे आणि ठिकाणे मात्र नेहमीच झाकावीत, कारण त्यांचे नातेवाईक अजून तिथेच असतात.

भारताने हा करार १९५९ मध्ये मान्य केला असून त्याचे पहिले कलम वंशसंहार रोखण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकते. त्यामुळे नुसता निषेध न नोंदवता, मदतसामग्रीला वाट मिळावी यासाठी सरकारने काय केले, हा प्रश्न खासदारांनी लोकसभेत विचारावा, अशी एकच स्पष्ट मागणी करावी आणि निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्यावी.