माशाचे अवशेष बागेत पुरताय? या चुका टाळा

माशाची डोकी, कल्ले, आतडी, खवले, काटे हे सगळं झाडांसाठी उत्तम खाद्य आहे. मऊ भागातलं नत्र (नायट्रोजन) काही आठवड्यांत मातीत उतरतं, तर काट्यांतलं स्फुरद (फॉस्फरस) आणि कॅल्शियम सावकाश, महिनोन्‌महिने मिळत राहतं. तरीही एकदा पुरून पाहिल्यावर अनेकजण हा नाद सोडतात. वास सुटतो, मांजरं वाफा उकरतात, रोप मान टाकतं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच गोष्टींत असतं: खड्डा उथळ होता किंवा मुळांना अगदी खेटून होता.

उथळ खड्डा

वीतभर मातीखालचा मासा कुत्र्या-मांजरांना आणि घुशींना सहज सापडतो. माशावर किमान एक फूट माती हवी, जमलं तर दीड फूट. माप घेताना खड्ड्याची एकूण खोली धरू नका, अवशेषांच्या वर किती माती पडते ते पाहा. हा त्रास जुनाच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावाने १६४४ साली हुकूम काढला होता की, मक्याच्या शेतात पुरलेले मासे उकरू नयेत म्हणून कुत्र्यांचा एक पाय तीन आठवडे बांधून ठेवावा. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. खड्डा बुजवून माती पायाने दाबा आणि वर तारेची जाळी टाकून कडेने दगड ठेवा. कुणी आधीच उकरलं असेल, तर त्याच जागी वरवर माती लोटू नका. खड्डा आणखी खोल करून पुन्हा पुरा.

मुळांजवळ पुरणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मासा कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं भाजतात. आधी पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, मग माती ओली असूनही रोप मलूल दिसतं. अशा वेळी घाबरून आणखी पाणी ओतू नका. बाजूने अलगद उकरून अवशेष काढून घ्या आणि दूर, खोल खड्ड्यात पुरा. वाढलेल्या झाडासाठी खोडाजवळ न पुरता फांद्यांच्या घेराच्या बाहेर खड्डा घ्या. नवं रोप लावायचं असेल, तर आधी पुरून एक-दोन महिने थांबा. थंडीत याहून जास्त वेळ लागतो.

वास येतोय?

चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत हवा पोचत नाही. तिथे मासा नीट कुजत नाही, सडतो, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अवशेषांचे छोटे तुकडे करा, त्यांच्या दुपटी-तिपटीने सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळा आणि मगच पुरा. एका खड्ड्यात भाराभर माल कोंबू नका. दोन-तीन मुठी पुरेत, बाकीचं दुसऱ्या जागी. पुरून झाल्यावर वास आला, तर वर सुका पाला आणि आणखी अर्धा फूट माती टाका. त्या जागी पाणी देणं काही दिवस थांबवा.

खारवलेला किंवा तेल-मसाल्यात शिजवलेला मासा मात्र अजिबात पुरू नका, मीठ मातीत साठतं. कच्च्या खायच्या पालेभाज्या, गाजर, मुळा यांच्या वाफ्यात आणि विहिरीच्या आसपासही नको.

कुंडीत हा प्रयोग करूच नये. तिथे ना पुरेशी खोली मिळते, ना मुळांपासून अंतर. कुंडीसाठी माशाचे तुकडे आणि तेवढ्याच वजनाचा गूळ झाकणाच्या बरणीत आंबवा. गाळून निघालेलं द्रव लिटरभर पाण्यात एक-दोन मिली, इतकंच पातळ करून द्या. बरणीत वायू साठतो, म्हणून झाकण घट्ट आवळू नका.

लावणीआधी खुरप्याने खड्डा थोडा उकरून पाहा. मांस दिसत नसेल आणि नुसता मातीचा वास येत असेल, तर रोप लावायला हरकत नाही. काटे सापडले तरी चालतील, ते तसेच राहू द्या.