गावच्या तळ्यावर पक्ष्यांसाठी निधी-मेळावा कसा घ्यावा

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. ५ तारखेला अरण्य-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. पाऊस उघडलेला असतो, तळी भरलेली असतात आणि उत्तरेकडची बदकं उतरायला लागलेली असतात. मेळाव्यासाठी याच आठवड्यातला रविवार धरा. मात्र काही वर्षी दिवाळी नेमकी या दिवसांत येते. तेव्हा मेळावा दोन रविवार पुढे न्या, कारण माणसं सुट्टीला गेलेली असतात आणि फटाक्यांनी पक्षीही उठलेले असतात. तयारीला सहा आठवडे हवेत.

आधी गरज, मग आकडा

‘पक्षी वाचवायला मदत करा’ म्हटलं की लोक खिशातली सुट्टी नोट काढतात. ‘आपल्या जिल्हा परिषद शाळेला ८×४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) १० दुर्बिणी आणि मराठी पक्षी-पुस्तकांचे ५ संच’ असं म्हटलं की कुणीतरी एक अख्खी दुर्बीण आपल्या नावावर घेतो. एका दुर्बिणीची किंमत फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. गरज एकच ठेवा. चार कामं सांगितली की कुठलंच पूर्ण होत नाही.

पैसे नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवरच घ्या. संस्था नसेल तर धर्मादाय कार्यालयाची वर्गणी गोळा करण्याची, कलम ४१ क ची परवानगी काढा, गणेश मंडळं काढतात तीच. प्रवेशशुल्क आणि देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा. १०० रुपये भरून नाश्ता आणि पक्षी पाहायची फेरी मिळाली, तर ती देणगी होत नाही आणि तिच्यावर आयकरातली देणगीची सवलत मागता येत नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगीही सवलतीत बसत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं घ्या. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा. कार्यकर्त्याच्या मोबाइलवर आलेले पैसे नंतर वेगळे काढताना हमखास भांडणं होतात. तिकिटांवर बक्षिसांची सोडत ठेवू नका, ते प्रकरण लॉटरीच्या कायद्यात जातं.

तळं जलसंपदा विभागाचं असेल तर त्यांची, अभयारण्यात असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. ध्वनिक्षेपक मात्र नकोच. पाणपक्षी पहिल्या ‘हॅलो, माइक टेस्टिंग’लाच पलीकडच्या काठाला जातात.

सकाळची फेरी

६:१५ ला जमा, ६:३० ला सुरुवात, ८:३० ला परत. एका जाणकारामागे १२ माणसं, त्याहून जास्त नकोत. मागच्यांना दिसत नाही, मग ते बोलायला लागतात. ६० जण आले तर ५ गट करा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडा. पूर्व काठावरून पाहा म्हणजे ऊन पाठीशी राहतं. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच दिसतात.

निघण्याआधी दोन मिनिटं दुर्बीण शिकवा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबर खाली, नसेल तर वर. उजवा डोळा मिटून मधलं चाक डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा, मग डावा मिटून उजवीकडची कडी फिरवा. हे न सांगता दुर्बीण हातात दिली तर निम्मी माणसं ‘दिसला, दिसला’ म्हणतात आणि त्यांना काहीच दिसलेलं नसतं.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू देऊ नका. नर आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून चरणं सोडून धावत येतो. घरट्याजवळ थांबायचं नाही, फ्लॅश नाही, ड्रोन नाही. ई-बर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर, गटाची यादी एकानंच भरावी आणि बाकीच्यांना त्यात जोडावं. बारा वेगळ्या याद्या गेल्या तर तीच बदकं बारा वेळा मोजली जातात.

चिमणीचं घर: मुलांचं काम, मेळाव्याची कमाई

सगळ्यात जास्त गर्दी याच टेबलावर होते. १२ मिमी प्लायचे सहा तुकडे सुताराकडून आधीच कापून घ्या: तळ, छप्पर, पुढचा, मागचा आणि दोन बाजू. आतला तळ १५×१५ सेंमी, पुढची उंची २५ सेंमी. भोक ३२ मिमीचं, तळापासून १५ सेंमी वर. भोक मोठं केलं तर साळुंकी घर बळकावते. बाहेर बसायची काडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही आणि शिकारी पक्ष्याला टेकायला जागा मिळते. तळाच्या चार कोपऱ्यांत ६ मिमीची छिद्रं, छप्पर पुढे ५ सेंमी बाहेर, एक बाजू उघडणारी. आतून रंग नको. स्क्रूची छिद्रं ड्रिलनं आधी पाडून ठेवा, नाहीतर मुलं थेट स्क्रू पिळतात आणि प्लायचा काठ फाटतो. साहित्य २०० रुपयांत पडलं तर ३५० ला द्या. घर अडीच-तीन मीटर उंच, दुपारचं ऊन लागणार नाही असं, आणि पंख्यापासून लांब टांगायला सांगा. घेणाऱ्याचा फोन नंबर लिहून घ्या.

नाश्ता

१०० माणसांना ७ ते ८ किलो जाडे पोहे, ४ किलो कांदा, १ किलो शेंगदाणे, सव्वा लिटर तेल. पोहे दोन-दोन किलोच भिजवा. सगळे एकदम भिजवले तर शेवटच्या माणसाच्या ताटलीत लगदा येतो. कागदी ताटल्या तळ्यावर उडतात, म्हणून स्टीलच्या भाड्यानं आणा.

नंतर

जमा-खर्च आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, बिलांच्या प्रतींसकट. दुर्बिणी शाळेला देताना मुख्याध्यापकांची सही घ्या आणि सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या द्या. पावसाळ्यात कपाटात बंद राहिल्या तर भिंगांना बुरशी धरते. फेब्रुवारीत घरं घेतलेल्यांना फोन करा: चिमणी गवत नेतेय का? पिल्लं उडून गेल्यावर, आत नवी अंडी नाहीत हे पाहून बाजू उघडायची आणि जुनं गवत काढून टाकायचं.