सीसीएल२५च्या मागे टी-पेशी पळतात का? ट्रान्सवेल लावून बघा

फळ्यावर हे दोन मिनिटांत सांगून होतं. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सीसीएल२५ हे केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारं छोटं प्रथिन, सोडतात आणि ज्या टी-पेशीच्या (ही रोगप्रतिकारक पेशी) अंगावर सीसीआर९ हा रिसेप्टर असतो तिला ते कळतं. मोठं आतडं, लाळग्रंथी, श्वासमार्ग इथे सीसीएल२८ असतं. आयजीए हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी सीसीआर१० या रिसेप्टरच्या जोरावर तिकडे पोचतात. हेच ट्रान्सवेलमध्ये, म्हणजे सच्छिद्र पडद्याने वर-खाली दोन कप्पे केलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये, दाखवायला गेले तेव्हा माझे पहिले तीन प्रयोग सपशेल फसले.

चूक फालतू होती. सीसीएल२५ मी नुसत्या बफरमध्ये पातळ करून साध्या ट्यूबमध्ये आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं. केमोकाइन्स प्लास्टिकला चिकटतात. माझं सगळं ट्यूबच्या भिंतीवर बसलं असणार आणि मी पेशींना दोष देत होते. तेव्हा माध्यमात ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला, ट्यूब कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकची घ्या आणि पातळ द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवा. सीरम मात्र टाळा, त्यात काय काय असतं याचा भरवसा नाही.

सुरुवात मोल्ट-४ पेशींवर करा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या टी-पेशी ल्युकेमियाच्या पेशींवर. त्यांच्यावर सीसीआर९ मुळातच असतो आणि त्या तरंगत वाढतात, त्यामुळे चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या ट्रिप्सिन विकराचा प्रश्न येत नाही. रक्तातल्या टी-पेशी वापरायच्या असतील तर त्यांना उद्दीपित करताना रेटिनॉइक आम्ल द्यावं लागतं. आतड्याजवळच्या लसीका गाठींतल्या डेंड्रिटिक पेशी (टी-पेशींना जागवणाऱ्या पेशी) अ जीवनसत्त्वापासून तेच बनवतात आणि टी-पेशीवर सीसीआर९ व अल्फा४-बीटा७ हे चिकटणारं प्रथिन चढवतात. २००४ साली हे उलगडलं. ऊतीतून पेशी काढताना वापरलेली विकरं रिसेप्टर कापू शकतात, म्हणून अशा पेशींना आधी काही तास विश्रांती द्या. पेशी कुठल्याही असोत, सीसीआर९ त्याच दिवशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, बघा. बर्फावर रंगवून सिग्नल फिका आला तर ३७ अंशांवर रंगवून पाहा, माझं काम बहुतेक वेळा तिथेच होतं.

आता प्लेट. २४ वेल्सची (खळ्यांची), ५ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट, म्हणजे वेलमध्ये बसणाऱ्या, तळाला पडदा असलेल्या वाट्या. खाली ६०० मायक्रोलिटर केमोकाइन, वर १०० मायक्रोलिटरमध्ये ५ लाख पेशी. इन्सर्ट तिरका धरून हळू सोडा. पडद्याखाली बुडबुडा अडकला तर तेवढा पडदा बंद झाला असं समजा. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन ते तीन तास. रात्रभर ठेवायचा मोह आवरा. तोवर केमोकाइन वरखाली सारखं पसरतं आणि पेशीला दिशा उरत नाही. मात्रा १० ते ५०० नॅनोमोलर अशा पाच-सहा पायऱ्यांत घ्या. आलेख घंटेसारखा येतो, चढतो आणि पुढे उतरतो. एकाच मोठ्या मात्रेवर भागवलंत तर नेमके उतारावर सापडाल.

कंट्रोल्सवर कंजुषी नको. एका वेलमध्ये केमोकाइन नाही. एकात ५ लाख पेशी थेट खालीच, म्हणजे टक्केवारी काढता येते. एका इन्सर्टसाठी पेशींना आधी पर्टुसिस टॉक्सिन द्या, १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. हा रिसेप्टर पेशीच्या आतल्या जीआय प्रथिनामार्फत बोलतो, या टॉक्सिनने ते बंद पडलं की पेशी थांबायला हव्यात. आणि माझा सगळ्यात लाडका कंट्रोल: वर आणि खाली सारखंच केमोकाइन. तरीही पेशी तेवढ्याच पडल्या, तर त्या दिशा धरून आलेल्या नाहीत, नुसत्या चळवळ्या झाल्या आहेत. झिगमंड आणि हिर्श यांनी १९७३ मध्येच मात्रांचा असा बुद्धिबळाचा पट मांडून हे दोन प्रकार वेगळे करायची रीत घालून दिली. एवढं करूनही शरीरातला अर्धा प्रवास इथे दिसत नाही. तिथे वाहत्या रक्तात अल्फा४-बीटा७ला आधी शिरेच्या भिंतीवरचं मॅडकॅम-१ हे प्रथिन पकडावं लागतं. आपल्या प्लेटमध्ये वाहणंच नाही.

मोजताना इन्सर्ट उचलण्याआधी त्याला हलकी टिचकी मारा, पडद्याच्या खालच्या अंगाला लटकलेल्या पेशी खाली पडतात. खालचं सगळं द्रावण गोळा करून फ्लो सायटोमीटरवर प्रत्येक नमुना एक मिनिट चालवा. प्रत्येक मात्रेचे तीन वेल्स ठेवा. त्यातला एखादा भलताच कमी आला, तर प्लेट फेकण्याआधी त्याचा इन्सर्ट उजेडात धरून पाहा.