परक्या देशातला पहिला मोठा स्वयंपाक : बेत खात्रीचा की हौसेचा?

नवीन देशात येऊन घर लागले, कामाचे बस्तान बसले आणि पहिली मोठी सुट्टी जवळ आली की, ज्यांनी घर शोधण्यापासून सामान उचलण्यापर्यंत मदत केली त्या माणसांना एकदा व्यवस्थित जेवायला बोलवावे, असे प्रत्येकालाच वाटते आणि ते वाटणे अगदी योग्य आहे. मला देश सोडून १९ वर्षे झाली. दर वर्षी या दिवसांत नव्याने आलेली माणसे मला एकच प्रश्न विचारतात : बेत आपल्या हातखंडा पदार्थांचा ठेवावा, की प्रसंगाला शोभेल असे काही मोठे, आजवर न केलेले करावे? पहिल्या वर्षी बेत खात्रीचा असावा आणि त्यात फार तर एक पदार्थ हौसेचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु हे सांगताना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परक्या स्वयंपाकघरात तुमचा खात्रीचा पदार्थही खात्रीचा उरलेला नसतो.

आपला हात बसलेला असतो तो एका विशिष्ट शेगडीवर, विशिष्ट पातेल्यात, ओळखीच्या पिठावर आणि दुधावर. यांतले काहीही बदलले की हाताचा अंदाज चुकतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी १४ माणसे जेवायला होती आणि मी निर्धास्त होतो तो भाताविषयी, कारण भात मी रोज करत होतो. शेगडी विजेची होती. पाणी उकळल्यावर मी नेहमीप्रमाणे आच मंद केली, परंतु तापलेली चकती पुढची कितीतरी मिनिटे तशीच तापलेली राहिली. उधार आणलेले मोठे पातेले पातळ बुडाचे होते. झाकण काढले तेव्हा वरचा थर टचटचीत कच्चा होता, खालचा काळा पडला होता आणि करपल्याचा वास मधल्या चांगल्या भातातही उतरला होता. ज्याची काळजी करावी असे मला वाटत होते ते इतर सगळे पदार्थ त्या दिवशी नीट झाले.

म्हणून नव्या घरातली शेगडी आधी समजून घ्यावी. गॅस बंद केला की आच त्याच क्षणी संपते. विजेच्या चकतीत उष्णता साठून राहते, त्यामुळे आच कमी करायची म्हणजे भांडे उचलून बाजूला घ्यायचे, ही सवय लावून घ्यावी लागते. इंडक्शनवर केवळ लोहचुंबक चिकटेल असेच भांडे तापते. ॲल्युमिनियमची आणि तांब्याची भांडी तेथे साधारणपणे चालत नाहीत, आणि गोल बुडाची कढई सपाट काचेवर नीट तापत नाही. पंख्याच्या ओव्हनमध्ये कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा साधारण २० अंश सेल्सिअस कमी ठेवावे लागते. कृती फॅरनहाइटमध्ये असेल तर ३५० अंश म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस, हे एकदा कागदावर लिहून ओव्हनशेजारी चिकटवून ठेवावे. मिक्सर बरोबर आणला असेल तर त्याचा विद्युतदाबही पाहावा. २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिका किंवा कॅनडातल्या १२० व्होल्टच्या घरगुती जोडणीवर नीट चालत नाही, आणि हे ऐन सणाच्या सकाळी कळणे फार वाईट.

तुम्ही उंचावरच्या शहरात राहायला आला असाल तर आणखी एक फरक पडतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने उतरतो, म्हणजे १,५०० मीटरवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते आणि डाळी, कडधान्ये शिजायला बराच जास्त वेळ घेतात. आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यात यावर उपाय नाही. प्रेशर कुकर मात्र ही अडचण बरीचशी दूर करतो, कारण दाबामुळे आतले तापमान उत्कलनबिंदूच्या पुष्कळ वर जाते.

जिन्नसांचेही तसेच आहे. दुकानातल्या पिठाच्या पिशव्या दिसायला सारख्या असतात, परंतु पावासाठीच्या पिठात साधारण १२ ते १४ टक्के प्रथिने असतात आणि केकच्या पिठात ७ ते ९ टक्के, त्यामुळे एकाची कणीक ताणली जाते तर दुसरीची तुटते. होमोजिनाइज केलेल्या दुधात स्निग्धांश बारीक फोडून मिसळलेला असल्यामुळे त्यावर पूर्वीसारखी जाड साय धरत नाही. अतिउच्च तापमानाला तापवलेले, महिनोन्महिने टिकणारे दूध नासवले तर त्याचा गोळा घट्ट होत नाही, भुसभुशीत होतो. पदार्थ बिघडला की माणूस स्वतःला दोष देतो, परंतु पुष्कळदा दोष त्याचा नसतो, पिशवी वेगळी असते.

वाटी-चमच्याच्या मापांवर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा आणि मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा असतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा आणि ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा असतो. एकाच कपात पीठ हलके भरले तर १२० ग्रॅमच्या आसपास बसते आणि दाबून भरले तर १५० ग्रॅमपर्यंत जाते. स्वयंपाकघरातली पहिली खरेदी म्हणून मी सर्वांना वजनकाटाच सुचवतो.

आता बेत ठरवण्याकडे वळतो. माझा अनुभव असा आहे की चुका पदार्थ निवडण्यात कमी होतात आणि प्रमाण वाढवण्यात जास्त होतात. चार माणसांचा पदार्थ सोळा माणसांसाठी करायचा तर सगळे चौपट केले की झाले, असे वाटते. परंतु त्याच घडणीचे, चौपट मावेल असे मोठे भांडे घेतले तर त्याचा उघडा पृष्ठभाग केवळ अडीचपट होतो. वाफ पृष्ठभागावरून जाते. म्हणून रस्सा दाट व्हायला अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ लागतो, आणि भाताला चौपट पाणी घातले तर तो गिच्च होतो. वेळेचाही हिशेब असाच करावा लागतो. जे पाणी दहा मिनिटांत उकळत होते त्याच्या चौपट पाणी त्याच शेगडीवर चाळीस मिनिटांच्या घरात जाते. दोन किलो कांदा एकदम कढईत टाकला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि पांढुरका राहतो. तो चार घाण्यांत परतावा लागतो आणि त्यात सकाळ निघून जाते. मीठ-तिखट मी प्रथम हिशेबाच्या पाऊणपटच घालतो आणि पदार्थ आटल्यावर चव घेऊन पुढचे ठरवतो.

म्हणून कागदावर पदार्थांची नावे लिहिण्याआधी शेगड्या मोजाव्यात. चार शेगड्या असल्या तरी त्यांवर चार मोठी पातेली एका वेळी मावत नाहीत; दोनच मावतात. मी प्रत्येक पदार्थापुढे तो कोठे होतो आणि केव्हा होतो एवढेच लिहितो : आदल्या दिवशी करून थंड ठेवण्याजोगा, सकाळी ओव्हनमध्ये जाणारा, पाहुणे आल्यावर शेगडीवर होणारा. शेवटच्या रकान्यात एकापेक्षा जास्त नावे आली तर बेत तेथेच बदलतो, मग ते पदार्थ कितीही सवयीचे असोत. तळण याच रकान्यातले असते, आणि पहिल्या वर्षी मी ते टाळायला सांगतो. बंद खिडक्यांच्या घरात तळणीच्या धुराने धूरसूचक यंत्र वाजू लागते, आणि यजमान सगळा वेळ पाहुण्यांकडे पाठ करून उभा राहतो. तळण करणारच असाल तर कढईच्या मापाचे झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर शेगडी बंद करून झाकण घालावे, पाणी कधीही ओतू नये.

हौसेच्या पदार्थाविषयी माझ्या तीन अटी आहेत. तो आदल्या दिवशी करता आला पाहिजे, तो बिघडला तर ताटातून वगळता आला पाहिजे, आणि त्याच शेगडीवर, त्याच दुकानाच्या जिन्नसांनी तो निदान एकदा करून पाहिलेला असला पाहिजे. यातली दुसरी अट लोकांना पटायला जड जाते. जेवणाचा कणा असलेला मुख्य पदार्थच नवा करायचा आणि बाकीचे नेहमीचे ठेवायचे, असा विचार स्वाभाविक आहे, परंतु मुख्य पदार्थ फसला तर बाकीच्यांना काही अर्थ उरत नाही. नवे काही करायचे तर ते गोडात, तोंडीलावण्यात किंवा जोडीच्या भाजीत करावे. तालीम मात्र चौथाई प्रमाणात करू नये. निदान अर्ध्या प्रमाणात, त्या दिवशीच्याच मोठ्या भांड्यात करावी. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने पाकातला गोड पदार्थ तीन वेळा करून पाहिला आणि तिन्ही वेळा तो उत्तम झाला, परंतु तो चार माणसांपुरता होता. सणाच्या दिवशी मोठ्या पातेल्यातला पाक एकतारी झाल्यावर उतरवला तरी त्या जाड बुडाच्या उष्णतेने तो पुढे आटतच राहिला आणि त्याची साखर झाली.

पाहुण्यांना काय चालत नाही हे निमंत्रण देतानाच विचारावे, आणि नेमके विचारावे : सुकामेवा, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू, मासे. मोघम विचारले की माणसे भिडेपोटी सगळे चालते असे सांगतात. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी वेगळा पदार्थ करण्यापेक्षा सगळ्या बेतातूनच शेंगदाणा काढावा, कारण गर्दीच्या वेळी एकाच डावाने सगळे ढवळले जाते.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, हा नियम आदल्या दिवशी रांधणाऱ्याने विशेष पाळावा. मोठे पातेले झाकून ओट्यावर ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. अन्न उथळ भांड्यांत पसरून लवकर थंड करावे आणि मग फ्रिजमध्ये ठेवावे. भाताबाबत ही काळजी अधिक घ्यावी, कारण बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, आणि कोमट भातात वाढताना त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जाईलच असे नाही.

याचा अर्थ हौस दाबून ठेवावी असा मुळीच नाही. दहा वर्षे झाली तरी तेच चार पदार्थ करणारी घरे मला ठाऊक आहेत, आणि तेथे यजमान स्वतःच आपल्या जेवणाला कंटाळलेले असतात. शेगडी हाताखाली आली, पीठ कळले, दोन-तीन पंगती विनासायास उठल्या की दुसऱ्या वर्षी मोठा बेत अवश्य करावा, आणि शेजारच्या देशातल्या, शेजारच्या घरातल्या माणसाकडून शिकलेला एखादा पदार्थ त्यात असला तर फारच उत्तम. एखाद्याने शिकवलेला पदार्थ त्यालाच आपल्या घरी वाढण्यात जी आपुलकी आहे, ती कशानेही भरून निघत नाही.

पाहुणे गेल्यावर, भांडी घासण्याआधी, एक वही काढून किती माणसे जेवली, कोणता जिन्नस किती वजनाचा लागला, कोणत्या आचेवर किती वेळ गेला आणि काय किती उरले, हे लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी यातले निम्मे आठवत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या फसलेल्या भाताखाली दुसऱ्या वर्षीची नोंद आहे : माणसे १४, तांदूळ १ किलो २०० ग्रॅम, जाड बुडाच्या दोन पातेल्यांत विभागून, उकळी आल्यावर पातेली लहान चकत्यांवर हलवली, उरला दोन वाट्या.