उन्हाळ्यात सांधेदुखी आटोक्यात कशी ठेवावी

थंडीत सांधे आखडतात आणि ऊन वाढले की मोकळे होतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु काही जणांचे गुडघे, घोटे किंवा बोटे ऐन उन्हाळ्यातच ठणकू लागतात. यात उष्णतेइतकाच तिच्यामुळे बदललेल्या दिनक्रमाचाही वाटा असतो. घामावाटे पाणी जाते, उकाड्यामुळे चालणे-फिरणे थांबते, रात्रीची झोप मोडते आणि झोप अपुरी झाली की तेच दुखणे अधिक तीव्र भासते. म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

प्रथम, आपले दुखणे कोणत्या जातीचे आहे याचा अंदाज घ्यावा. झिजेमुळे होणारा संधिवात असेल, तर वेदना श्रमाने वाढते, विश्रांतीने उतरते आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. हा ताठरपणा त्याहून बराच वेळ टिकत असेल आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर आमवाताची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून होणाऱ्या संधिवाताची) शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवेनासा झाला, तर ते बहुतेक वेळा गाऊट या दाहक सांधेविकाराचे लक्षण असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. गाऊटचा त्रास असलेल्यांनी उन्हाळ्यात याबाबत विशेष दक्ष राहावे, कारण शरीरातील पाणी घटले की रक्तातील युरिक ॲसिड या टाकाऊ द्रव्याचे प्रमाण वाढते आणि त्याचे स्फटिक सांध्यात साचून दाह सुरू होऊ शकतो. तहान लागण्याची वाट पाहू नये. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. (ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांची लघवी एरवीही गडद पिवळी दिसते, त्यामुळे त्यांना ही खूण उपयोगी पडत नाही.) साखर घातलेली शीतपेये आणि बिअर यांनी युरिक ॲसिड वाढते, तेव्हा ती तहान भागवण्याचे साधन मानू नयेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी घालून दिलेली पाण्याची मर्यादा पाळावी.

तिसरी गोष्ट हालचालीची. ऊन आहे म्हणून व्यायाम बंद करू नये, त्याची वेळ बदलावी. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर चालावे. तेही जमत नसेल, तर खुर्चीवर बसून गुडघा सरळ करून काही क्षण धरून ठेवणे, घोटे गोल फिरवणे असे साधे प्रकार घरात करावेत. पोहता येत नसले तरी छातीपर्यंतच्या पाण्यात चालणे हा उन्हाळ्यातील उत्तम व्यायाम आहे, कारण पाणी शरीराचा बराचसा भार उचलून धरते. गार खोलीत बराच वेळ बसावे लागत असेल, तर हवेचा झोत थेट गुडघ्यांवर किंवा मानेवर घेऊ नये आणि अधूनमधून उठून चालावे.

सांधा गरम आणि सुजलेला असेल, तर बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे शेकावे. बर्फ उघड्या त्वचेवर ठेवू नये. सूज नसून केवळ ताठरपणा असेल, तर उन्हाळ्यातही कोमट शेकच बरा.

वेदनाशामक गोळ्यांविषयी सर्वांत जास्त सावधगिरी हवी, आणि नेमकी इथेच हयगय होते. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये करतात, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. त्यामुळे भर उन्हात घाम गाळून आल्यावर, किंवा उलट्या-जुलाब चालू असताना घेतलेली नेहमीची गोळीही मूत्रपिंडाला इजा करू शकते. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असेल, तर हा धोका आणखी वाढतो. अशांनी दुकानातून परस्पर गोळी आणू नये. डॉक्टरांना आपल्या सर्व औषधांची यादी दाखवून विचारावे. पॅरासिटामॉल मूत्रपिंडाला तुलनेने सौम्य असले, तरी प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे, यकृताच्या विकारात ती आणखी कमी असते, आणि सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही हेच औषध असते, हे ध्यानात ठेवावे.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होऊ शकते, म्हणून अंगभर सुती कपडे आणि सनस्क्रीन वापरावे. आमवातावरील जैविक इंजेक्शने (सजीव पेशींच्या साहाय्याने बनवलेली औषधे) साधारणतः 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात, न गोठवता ठेवायची असतात. ती उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नयेत. प्रवासात बर्फाच्या पिशवीला थेट चिकटूनही ती ठेवू नयेत.

एखादा सांधा अचानक लाल व गरम होऊन सुजला आणि ताप किंवा थंडी वाजू लागली, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि उपचाराला उशीर झाल्यास सांध्याची कायमची हानी होते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.